वृद्धाश्रम : खाटांचा हिशेब आणि पैशांचा हिशेब

समाजातील निराधार वृद्धांसाठी आपला एक वृद्धाश्रम असावा आणि त्यासाठी शासनाकडे जागा मागावी, हा विषय आपल्या सभांमधून वारंवार निघतो. टाळ्या पडतात, ठराव होतो, आणि चर्चा जागेपाशी येऊन थांबते. ‘एकदा जागा मिळू द्या, बाकीचे आपोआप होईल’ असे म्हणणारे समाजबांधव पुष्कळ आहेत. आमचे मत नेमके याच्या उलट आहे. जागा मिळविणे कठीण असले तरी ते एकदाच करावयाचे काम आहे. खाटा भरलेल्या ठेवणे आणि जमाखर्चाची तोंडमिळवणी करणे हे दर महिन्याला करावयाचे काम आहे, आणि बहुतेक संस्था दमतात त्या येथेच. आम्ही काही निवृत्त मंडळींनी उभे आयुष्य हिशेबाच्या टेबलावर काढले असल्याने या दुसऱ्या कामाविषयी चार शब्द लिहिण्याचे योजिले आहे.

गरज आहे का, असा प्रश्न नागपुरात तरी कोणी विचारू नये. टाटांनी १८७७ मध्ये सुरू केलेल्या एम्प्रेस मिलने आणि तिच्या पाठोपाठ आलेल्या मॉडेल मिलने इंदोरा-पाचपावलीकडच्या कित्येक घरांच्या चुली पेटत्या ठेवल्या. त्या गिरण्या आता नाहीत. तेथे राबलेल्यांपैकी जे हयात आहेत, त्यांतील ज्यांना भविष्य निर्वाह निधीची पेन्शन मिळते, तिची किमान रक्कम सप्टेंबर २०१४ पासून दरमहा १,००० रुपये ठरलेली आहे. हे तरी पेन्शनवाले झाले. बिड्या वळणाऱ्या, बांधकामावर विटा वाहणाऱ्या, सिव्हिल लाइन्स आणि धरमपेठेतील घरची धुणीभांडी करणाऱ्या आपल्या आयाबायांना तेवढीही पेन्शन नाही. २०११ च्या जनगणनेत देशातील साठीपुढची माणसे सुमारे १०.४ कोटी भरली, आणि महाराष्ट्रात दर शंभरांत जवळजवळ दहा जण साठीपुढचे होते. मुलगा पुण्याला, मुलगी सासरी, आणि दोन खोल्यांच्या घरात एकटी म्हातारी, हे चित्र आपल्या प्रत्येक वस्तीत आहे.

शासनाने काय देऊ केले आहे?

महाराष्ट्रात स्वयंसेवी संस्थांमार्फत अनुदानित वृद्धाश्रम चालविण्याची योजना १९६३ पासून आहे. तीत पुरुषाचे वय ६० आणि स्त्रीचे वय ५५ धरलेले आहे. संस्थेला मान्य संख्येच्या मर्यादेत, प्रत्यक्ष राहणाऱ्या व्यक्तींच्या संख्येवर परिपोषण अनुदान मिळते. १९९५ मध्ये मातोश्री वृद्धाश्रम योजना आली. आपल्या जिल्ह्यात कळमेश्वर तालुक्यातील आदासा येथे असे मातोश्री वृद्धाश्रम उभे राहिले. या योजनेची कल्पना अशी की शंभर जणांच्या आश्रमात निम्म्या जागा शुल्क देणाऱ्यांच्या आणि निम्म्या विनाशुल्क. ज्याचे वार्षिक उत्पन्न १२,००० रुपयांहून अधिक, त्याने दरमहा ५०० रुपये द्यावेत, असे त्या वेळी ठरले. देणाऱ्यांच्या पैशांतून न देऊ शकणाऱ्यांना आधार मिळावा, हा त्यामागील विचार होता.

केंद्र शासनाचा ज्येष्ठांसाठीचा एकात्मिक कार्यक्रम १९९२ पासूनचा. तो २०२१ पासून अटल वयो अभ्युदय योजनेखाली गेला. त्यातूनही वृद्धाश्रमांना अनुदान मिळू शकते, परंतु संस्थेची दर्पण पोर्टलवर नोंद लागते आणि मागील रकमेचे उपयोगिता प्रमाणपत्र गेल्याशिवाय पुढचा हप्ता हलत नाही.

यावर कळस म्हणजे २००७ चा आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांचा निर्वाह व कल्याण अधिनियम. त्याच्या कलम १९ मध्ये प्रत्येक जिल्ह्यात किमान एक, निदान १५० निराधार वृद्धांची सोय होईल असा वृद्धाश्रम राज्य शासनाने टप्प्याटप्प्याने उभारावा, असे म्हटले आहे. पण कायद्याची भाषा ‘उभारू शकेल’ अशी आहे, ‘उभारलाच पाहिजे’ अशी नाही. या एका क्रियापदात बरेच काही अडकून पडले आहे. डॉ. अश्वनी कुमार यांच्या याचिकेवर १३ डिसेंबर २०१८ रोजी निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाला, कोणत्या जिल्ह्यात किती वृद्धाश्रम आहेत याची माहिती गोळा करण्याचे आदेश द्यावे लागले. कायदा होऊन तेव्हा अकरा वर्षे झाली होती.

वयाचा घोळही येथेच सांगून ठेवतो. २००७ च्या कायद्याप्रमाणे ज्येष्ठ म्हणजे ६० वर्षांचा. १९६३ च्या योजनेत बाईला ५५ पुरतात. श्रावणबाळ योजनेच्या निवृत्तिवेतनाला मात्र ६५ पूर्ण लागतात, त्याआधी निराधार असेल तर संजय गांधी योजनेकडे जावे लागते. म्हणजे ५७ वर्षांच्या एकाच बाईला एका दारावर ‘या’ आणि दुसऱ्या दारावर ‘तीन वर्षांनी या’ असे ऐकावे लागते. शिवाय वयाचा पुरावा काय, तर बहुधा आधार कार्डावर अंदाजाने लिहिलेली १ जानेवारी!

आता १९९५ ची १२,००० रुपयांची रेषा आजच्या आकड्यांशेजारी ठेवून पाहा. श्रावणबाळ आणि संजय गांधी योजनांची मासिक रक्कम २०२३ मध्ये १,५०० रुपये झाली. वर्षाचे झाले १८,०००. म्हणजे शासनानेच निराधार म्हणून ज्या बाईला वेतन दिले, ती त्या जुन्या रेषेने मोजली तर शुल्क देण्याइतकी ‘सधन’ ठरते. आकडा एकदा लिहून ठेवला आणि भाववाढीशी बांधला नाही म्हणजे असे होते. अमेरिकेत वृद्धांसाठीच्या सरकारी घरांचे भाडे रुपयांत — तेथे डॉलरांत — ठरवीतच नाहीत. राहणाऱ्याच्या उत्पन्नाचा हिस्सा म्हणून ते ठरते, १९८१ पासून तो साधारण ३० टक्के आहे. ज्याचे उत्पन्न कमी त्याचे भाडे कमी, आणि तूट सरकार भरते. आपल्याकडे सरकार इतकी तूट भरणार नाही हे उघड आहे. परंतु शुल्क रकमेऐवजी हिश्श्यात ठरवावे, ही गोष्ट आपल्या नियमावलीत घालण्यास कोणाची आडकाठी नाही.

रिकाम्या खाटेची किंमत

समजा, पन्नास खाटांचा एक आश्रम आहे. (पुढील आकडे हिशेब समजावा म्हणून घेतलेले आहेत, कोणत्याही एका संस्थेचे नाहीत.) स्वयंपाकी, काळजीवाहक, परिचारिका, पहारेकरी यांचे पगार, वीजबिल, पाणी, किरकोळ दुरुस्ती असा ठरलेला मासिक खर्च १,८०,००० रुपये. हा खर्च माणसे किती आहेत हे पाहत नाही. पहारेकरी पन्नास जणांनाही एकच लागतो आणि तिसांनाही एकच. याशिवाय जेवण, साबण, औषधे यांचा माणशी खर्च महिन्याला ३,००० रुपये.

पन्नासही खाटा भरलेल्या असतील तर माणशी खर्च ६,६०० रुपये येतो. चाळीस भरलेल्या असतील तर ७,५००. तीसच भरलेल्या असतील तर ९,०००. आश्रम तोच, डाळ तीच, पण वीस खाटा रिकाम्या राहिल्याबरोबर प्रत्येक माणूस २,४०० रुपयांनी महाग झाला.

आता निम्म्या जागा विनाशुल्क धरा. पन्नास जणांचा एकूण खर्च ३,३०,००० रुपये. पंचवीस जणांकडून प्रत्येकी ८,००० घेतले तर जमा २,००,०००. तूट महिन्याला १,३०,०००, वर्षाला १५,६०,०००. ही अनुदानातून आणि देणग्यांतून भरून काढावयाची. सशुल्क खाट एक महिना रिकामी राहिली तर ८,००० बुडतात आणि ३,००० वाचतात, म्हणजे ५,००० चा खड्डा. येथपर्यंत कोणीही समजू शकेल.

पण विनाशुल्क खाट रिकामी राहिली तर काय होते? काहीच बुडत नाही, उलट ३,००० रुपये वाचतात. दरडोई अनुदान मिळत असेल आणि ते ३,००० पेक्षा कमी असेल, तरीही प्रत्येक नवा निराधार माणूस तूट वाढवूनच आत येतो. या लेखातील आमचे मुख्य म्हणणे हे आहे. कोणाच्याही मनात पाप नसताना जमाखर्चाची वही हळूहळू गरिबाला दाराबाहेर ठेवू लागते. ‘सध्या जागा नाही’, ‘कागद अपुरे आहेत’, ‘पुढच्या महिन्यात बघू’ अशी उत्तरे निघू लागतात, वर्षअखेर ताळेबंद छान दिसतो, आणि ज्यांच्यासाठी शासनाची जमीन घेतली ते बसस्थानकावर झोपलेले असतात. म्हणून आमची सूचना अशी की वार्षिक अहवालात ‘एकूण राहणारे’ असा एकच आकडा कधीही छापू नये. विनाशुल्क खाटा किती, त्या वर्षातील किती दिवस भरलेल्या होत्या आणि सशुल्क खाटा किती दिवस, असे दोन वेगळे आकडे छापावेत. आणि विनाशुल्क खाटेवर, तात्पुरता म्हणूनही, सशुल्क माणूस ठेवू नये. तात्पुरता आलेला वृद्ध कोठे जाणार असतो?

बाहेर अर्ज पडून आणि आत खाटा रिकाम्या, असे दुसऱ्याही कारणांनी होते. पहिल्या मजल्यावरच्या खोल्या. आराखडा काढताना जागा वाचते म्हणून मजला चढवितात, आणि गुडघे दुखणारी माणसे वर जाण्यास नकार देतात. लिफ्ट नसेल तर वरच्या मजल्याची मान्य संख्या कागदावरच राहते. दुसरे कारण स्त्री-पुरुषांच्या वेगळ्या दालनांचे. बायकांचे अर्ज जास्त आणि पुरुषांच्या दालनात खाटा मोकळ्या, पण दालन बदलता येत नाही. मधल्या भिंती आणि संडास असे बांधावेत की दोन-तीन खोल्या गरजेप्रमाणे इकडच्या तिकडे लावता येतील. तिसरे कारण कागदांचे : तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, रहिवासाचा पुरावा, वैद्यकीय तपासणी. ज्याला घरच नाही त्याच्याकडून रहिवासाचा पुरावा मागणे आम्हाला तरी उमजत नाही. केंद्राने राज्यांना दिलेल्या नमुना नियमांत निरक्षर वा अति अशक्त वृद्धांना औपचारिक अर्जाशिवायही घेता येईल अशी सोय आहे. ती वापरली पाहिजे. कागद प्रवेशानंतर संस्थेने स्वतः धावपळ करून गोळा करावेत.

चौथे कारण बोलायला अवघड. आश्रमात कोणी वारले की ती खाट काही दिवस कोणी घेत नाही. वस्तूंचा पंचनामा, वारसांना कळविणे, सामान सोपविणे यांत आठवडे जातात. प्रवेशाच्या वेळीच प्रत्येकाकडून वारसाचे वा जवळच्या माणसाचे नाव आणि अंत्यविधीविषयीची इच्छा लिहून घेतली, तर हे काम दोन-चार दिवसांत आणि अधिक सन्मानाने होते.

प्रतीक्षायादीचा क्रम त्याच नमुना नियमांत सोप्या शब्दांत आहे. जो अधिक निराधार तो आधी, तेथे बरोबरी असेल तर जो वयाने मोठा तो आधी, तेथेही बरोबरी असेल तर स्त्री आधी. धर्म वा जात यांवरून भेद करता येणार नाही, हेही तेथेच म्हटले आहे. आपल्यातील काही जणांना वाटते की आपण उभारलेल्या आश्रमात आपलेच लोक असावेत. शासनाची जागा वा शासनाचा पैसा घेतला तर तसे करता येणार नाही, आणि करू नये असेही आम्हाला वाटते. वाळीत टाकण्याचे दुःख काय असते हे आपणास कोणी शिकवावयाचे? तसेच पती-पत्नीस एकत्र राहण्याची मुभा द्यावी. पन्नास वर्षे एका छताखाली काढलेल्यांना दोन दालनांत वाटणे ही शिस्त नव्हे.

पैसा कोणाचा आणि किती दिवसांचा?

अनुदान उशिरा येते. यात नवल नाही आणि रागावूनही उपयोग नाही, ते गृहीत धरूनच चालावे. वरच्या उदाहरणात महिन्याचा खर्च ३,३०,००० आहे. सहा महिन्यांची तरतूद म्हणजे १९,८०,००० रुपये बँकेत वेगळ्या खात्यात असल्याशिवाय पहिला माणूस आत घेऊ नये. किराणा दुकानदार तीन महिने उधारी देतो, चौथ्या महिन्यात तो तांदूळ बदलतो. कर्ज काढू म्हणाल तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखाली विश्वस्तांना धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीशिवाय कर्ज काढता येत नाही. इमारतीचा भाग तीन वर्षांहून अधिक मुदतीने भाड्याने देण्यासही तीच परवानगी लागते. आणि जमीन नझूलची किंवा नागपूर सुधार प्रन्यासची असेल तर पट्ट्याच्या अटी निराळ्याच. रस्त्याच्या बाजूला दोन दुकानगाळे काढून उत्पन्न वाढवू असे सुचविणाऱ्यांनी आधी पट्ट्याचा कागद वाचावा.

अनामत रकमेविषयी सावधगिरीचा इशारा द्यावासा वाटतो. सशुल्क वृद्धाकडून प्रवेशाच्या वेळी काही हजार वा लाख रुपये अनामत घेण्याची पद्धत आहे. ही रक्कम जमेच्या बाजूला दिसते म्हणून ती उत्पन्न होत नाही. ती देणे आहे. आश्रम नवा असताना अनामती भराभर येतात, त्यांतून स्वयंपाकघर चालते, सर्वांना वाटते की संस्था भरभराटीस आली. पाच-सात वर्षांनी माणसे वारू लागतात, वारस पावत्या घेऊन येतात, आणि तेव्हा पैसे नसतात. अनामत मुदत ठेवीत, स्वतंत्र खात्यावर, दोन विश्वस्तांच्या सहीने ठेवावी आणि लेखापरीक्षकाने तिची खाट-निहाय यादी दरवर्षी तपासावी.

राहणाऱ्याचे निवृत्तिवेतन हा नाजूक विषय. श्रावणबाळचे १,५०० रुपये आता आधारशी जोडलेल्या बँक खात्यात थेट जमा होतात. काही ठिकाणी आश्रम पासबुक आपल्याकडे ठेवून घेतात. हे आम्हाला पटत नाही. विनाशुल्क म्हटले की विनाशुल्क. आणि हिस्सा घ्यावयाचाच असेल तर तो नियमावलीत लिहून, पावती देऊन, निम्म्याहून अधिक रक्कम त्या व्यक्तीच्या हाती राहील असा घ्यावा. म्हाताऱ्या माणसाला नातवाच्या हातावर दहा रुपये ठेवता आले पाहिजेत. हयातीच्या दाखल्याचे काम मात्र आश्रमाने अंगावर घ्यावे, कारण एका वर्षाचा दाखला चुकला की वेतन बंद होते आणि पुन्हा सुरू करण्यास तहसीलच्या किती खेपा पडतात हे आपण जाणताच.

मुले कमावती असून आईबापांना टाकतात, अशा बाबतीत २००७ च्या कायद्याने उपविभागीय अधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते. दरमहा १०,००० रुपयांपर्यंत निर्वाहखर्च मंजूर होऊ शकतो, आणि वृद्ध स्वतः जाण्यास असमर्थ असेल तर त्याने अधिकार दिलेली संस्था त्याच्या वतीने अर्ज करू शकते. ही तरतूद आश्रमांनी फारशी मनावर घेतलेली दिसत नाही. बहुतेक आयाच ‘मुलावर केस नको’ म्हणतात हे खरे, आणि त्यांच्या इच्छेविरुद्ध जाऊ नये.

औषधांचा खर्च. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीपुढील प्रत्येकास, उत्पन्न न पाहता, आयुष्मान योजनेत वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचाराची सोय झाली. प्रत्येकाचे कार्ड काढून घ्यावे. मात्र ही सोय रुग्णालयात दाखल झाल्यावरची आहे. रोजच्या रक्तदाबाच्या आणि साखरेच्या गोळ्या, डायपर, चष्मा, दाताची कवळी हे सारे आश्रमाच्याच माथी. मेडिकल किंवा मेयोपर्यंत रात्री-अपरात्री नेणाऱ्या वाहनाचा खर्चही अंदाजपत्रकात लिहिण्यास विसरू नये. जागा शहरापासून जितकी दूर आणि स्वस्त, तितका हा आकडा मोठा.

नागपूरचा उन्हाळा हा तर स्वतंत्र खर्चाचा विषय आहे. पारा ४५ च्या वर गेला की पत्र्याच्या किंवा उघड्या स्लॅबच्या खोलीत म्हातारे माणूस टिकत नाही. एप्रिल ते जून कूलर रात्रंदिवस चालतात, विजेचे बिल फुगते, आणि कूलरच्या टाक्यांना पाणी लागते ते वेगळेच. अंदाजपत्रक बारा समान भागांत वाटणाऱ्यांची मे महिन्यात गाळण उडते. गच्चीवर पांढरा रंग, पश्चिमेला झाडे आणि व्हरांडा यांवर सुरुवातीला केलेला खर्च पुढे दरवर्षी बिलात वाचतो.

आता दात्यांविषयी. १४ एप्रिल, धम्मचक्र प्रवर्तन दिन, कोणाचा वाढदिवस, कोणाची पुण्यस्मृती, अशा दिवशी भोजनदान करणारे भरपूर येतात. त्यांचा भाव मोठा आहे. पण एकाच दिवशी तीन घरची जिलेबी आणि पुढचे पंधरा दिवस काहीच नाही, असे झाले तर मधुमेही मंडळींची साखर वाढते आणि कोठारातील डाळ काही वाढत नाही. आश्रमाने फळ्यावर महिन्याची यादी लावावी : इतके किलो तूरडाळ, इतके तेल, वीजबिलाचा इतका हिस्सा, अमुक औषधे. दाता त्यातील एक ओळ उचलील. एका खाटेचा एका वर्षाचा खर्च उचलणारे पंचवीस दाते मिळाले तर विनाशुल्क खाटांविषयीचा तो मोह, ज्याविषयी आम्ही वर लिहिले, मुळातच राहत नाही. कारण मग गरिबाची खाटही स्वतःचा पैसा घेऊन येते.

कराविषयी एवढेच की करखात्याकडे धर्मादाय म्हणून नोंदलेल्या संस्थेने साठीपुढील राहणाऱ्यांकडून जेवणखाणासह दरमहा २५,००० रुपयांपर्यंत घेतलेल्या शुल्कावर जुलै २०१८ पासून वस्तू व सेवा कर नाही. हिशेबतपासणी वेळेवर आणि विश्वस्त बदलल्यास ९० दिवसांत बदल अर्ज, ही दोन कामे रखडली की अनुदानाची फाइलही रखडते.

व्यवस्थापन समितीत राहणाऱ्यांचे प्रतिनिधी असावेत असे नमुना नियम सांगतात. आम्ही म्हणू की त्यांतील एक जण विनाशुल्क खाटेवरचा असावा आणि महिन्याचा जमाखर्च जेवणघरात मोठ्या अक्षरांत लावावा. तो वाचून प्रश्न विचारणारे गिरणीतले जुने युनियनवाले तेथे निघतीलच.

जागेसाठीचा अर्ज पाठविण्यापूर्वी आपल्या संस्थेने सहा महिन्यांच्या तरतुदीचे खाते उघडावे आणि या स्मरणिकेच्या जाहिरातींतून छपाई वजा जाता जी रक्कम उरेल ती त्यात पहिली जमा करावी, असा ठराव आम्ही येत्या वार्षिक सभेत मांडणार आहोत. ठरावाचा मसुदा आणि पन्नास खाटांचे नमुना अंदाजपत्रक संस्थेच्या कार्यालयात रविवारी सकाळी पाहावयास मिळेल. सूचना लेखी द्याव्यात.